चॉक्टॉ सैनिकांविषयी लिहायचे, तर सुरुवात ऑक्टोबर 1918 पासून करू नका

प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंची मुलगी सातवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने पहिल्या महायुद्धातले चॉक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीचे 'कोड टॉकर', म्हणजे शत्रूला कळू नयेत म्हणून आपल्या भाषेतून लष्करी निरोप देणारे सैनिक, हा विषय निवडला. वाचता वाचता ती दोन ठिकाणी अडली. हे सैनिक नेमके किती होते? कुठे आठ, कुठे चौदा, कुठे अठरा, कुठे एकोणीस. आणि ज्या सरकारने या लोकांना घरादारासकट हुसकावले, शाळेत त्यांची भाषा बोलू दिली नाही, त्याच सरकारसाठी ते लढायला का गेले? शिवाय ताईंना विचारायचे आहे, की ओक्लाहोमाला जाऊन एखाद्या चॉक्टॉ माजी सैनिकाशी बोलता येईल का, आणि बोलायचे तर कसे.

मी ओक्लाहोमात बरीच वर्षे हेच काम करते. जुनी लष्करी कागदपत्रे शोधायची आणि सैनिकांच्या घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टी त्या कागदांशेजारी ठेवून पाहायच्या. मी चॉक्टॉ नाही. त्यामुळे कागदांबद्दल मी ठामपणे बोलेन, पण त्यांच्या रीतिरिवाजांबद्दल माझ्यापेक्षा त्यांच्यातल्या कुणाचे म्हणणे वेगळे पडले, तर तेच खरे धरा.

मला वाटते, मुलीची खरी अडचण आकड्यांची नाही. तिला मिळालेल्या सगळ्या लेखांत ही हकिकत एका युक्तीची म्हणून सांगितलेली आहे: जर्मन टेलिफोन ऐकत होते, दोन चॉक्टॉ सैनिक आपल्या भाषेत बोलताना एका अधिकाऱ्याच्या कानावर पडले, त्याला कल्पना सुचली आणि लढाई फिरली. तिथून सुरुवात केली की चॉक्टॉ लोक फक्त त्या काही दिवसांपुरते जिवंत होतात. आधी ते कोण होते आणि नंतर त्यांचे काय झाले, हे तळटिपेत जाते. 'ते का लढले' या प्रश्नाचे उत्तर मग सापडतच नाही, कारण ते त्या दिवसांत नाहीच.

तरी आधी कागद पाहू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

यातला मुख्य दस्तऐवज म्हणजे 142व्या इन्फंट्री (पायदळ) रेजिमेंटचे प्रमुख कर्नल ए. डब्ल्यू. ब्लूर यांनी 23 जानेवारी 1919 रोजी आपल्या डिव्हिजनला पाठवलेला अहवाल. ही रेजिमेंट 36व्या डिव्हिजनमधली. टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या नॅशनल गार्डमधून, म्हणजे राज्यांच्या राखीव फौजेतून, ती डिव्हिजन उभी राहिली आणि तिचे प्रशिक्षण फोर्ट वर्थच्या कॅम्प बोवीत झाले. म्हणजे ताई, तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. मुलीने प्रकल्पात हे नक्की लिहावे. फ्रान्समधली वाटणारी ही गोष्ट तिच्या शेजारीच सुरू झाली होती.

अहवाल छोटा आहे आणि सावकाश वाचण्यासारखा आहे. ब्लूर सांगतात, की रॉकेटने मोजकेच इशारे देता येत, धावत निरोप नेणारे सैनिक वेळ लावत आणि त्यांच्या जिवाला धोका असे. टेलिफोन सगळ्यात सोयीचा. पण तो सगळा मुलूख जर्मनांनी नुकताच सोडलेला होता, जमिनीत त्यांच्या तारांचे जाळे होते आणि आपले प्रत्येक वाक्य तिकडे पोचते आहे असे धरूनच चालावे लागे. रेजिमेंटमध्ये मूळ अमेरिकन सैनिकांची एक कंपनी होती. तिच्यात 26 भाषा आणि बोली बोलल्या जात. त्यांतून चॉक्टॉ सैनिक निवडले आणि प्रत्येक कमांड पोस्टवर एकेक बसवला. 26 ऑक्टोबर 1918 च्या रात्री दुसऱ्या बटालियनच्या दोन कंपन्या फ्रान्समधल्या शुफिली गावाहून शार्देनीला गुपचूप मागे घ्यायच्या होत्या. तो हुकूम पहिल्यांदा चॉक्टॉत गेला आणि काम बिनबोभाट पार पडले. दुसऱ्या दिवशी फॉरेस्ट फार्म या ठाण्यावरच्या हल्ल्याच्या तयारीत दिवसभर हीच भाषा वापरली. शत्रू पूर्ण बेसावध सापडला.

आता एक तपशील, जो बहुतेक लेखांत उलटा झालेला असतो. तोफखान्याला 'मोठी बंदूक', मशिनगनला 'झटपट मारणारी छोटी बंदूक', बटालियनला मक्याचा एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे, हे ठरवून घेतलेले शब्द सगळीकडे मोठ्या कौतुकाने दिलेले असतात. पण अहवालातला क्रम नीट पाहा. ही शब्दयोजना रेजिमेंट आघाडीवरून मागे, लूपी-ल-पती या गावी आल्यानंतरची आहे. लष्करी शब्द अपुरे पडतात असे आधी अनुभवाला आले, म्हणून तिथे खास प्रशिक्षण झाले. त्यानंतर रेजिमेंट पुन्हा आघाडीवर गेलीच नाही, कारण 11 नोव्हेंबरला युद्ध थांबले. म्हणजे 26 आणि 27 ऑक्टोबरला हे प्रशिक्षण झालेले नव्हते. त्या दोन दिवसांत हे सैनिक आपली घरातली चॉक्टॉ बोलले आणि तेवढे पुरले. मुलीने एवढा क्रम जरी बरोबर लिहिला, तरी तिचा प्रकल्प कितीतरी छापील लेखांच्या पुढे जाईल.

दुसरी दुरुस्ती भाषेच्या स्थितीबद्दल. 'ही भाषा कधी लिहिलीच गेली नव्हती, म्हणून जर्मनांना कळली नाही' असे वाक्य खूप ठिकाणी दिसते. ब्लूर यांनी लिहिले आहे, की 26 पैकी चार-पाचच भाषा लिहिल्या जात. चॉक्टॉ ही त्या लिहिल्या जाणाऱ्यांपैकी होती. मिशनरी सायरस बायिंग्टन आणि त्यांचे चॉक्टॉ सहकारी यांनी 1820 च्या दशकापासून तिच्यात पुस्तके छापली, बायबलचे भाषांतर झाले, स्तोत्रांचे पुस्तक निघाले, राज्यघटना आणि कायदे निघाले. चॉक्टॉ नेशनची, म्हणजे चॉक्टॉंचे स्वतःचे सरकार असलेल्या राष्ट्राची, स्वतःची शाळाव्यवस्था 1840 च्या दशकात उभी होती: स्पेन्सर अकॅडमी, व्हीलॉक अकॅडमी, आर्मस्ट्राँग अकॅडमी. पुढे कोड टॉकर म्हणून ओळखले गेलेले काही जण आर्मस्ट्राँगमध्ये एकत्र शिकले होते. टेलिफोनवर बसणाऱ्याला इंग्रजी हुकूम अचूक समजायला हवा, तो लगेच चॉक्टॉत सांगता यायला हवा आणि पलीकडच्याला पुन्हा इंग्रजीत आपल्या अधिकाऱ्याला सांगता यायला हवा. हे काम दोन्ही भाषांत तयार झालेल्या माणसांचे आहे. 'शत्रूला न कळणारी रानटी बोली' असा सूर जिथे जिथे दिसेल, तो मजकूर बाजूला ठेवा.

आकड्यांचा गोंधळ यातूनच सुटतो. ब्लूर यांनी त्या अहवालात एकाही चॉक्टॉ सैनिकाचे नाव दिलेले नाही. नावे नंतर जमत गेली. काही सैनिकांनी स्वतः सांगितली, काही वर्तमानपत्रांतून आली, पुष्कळशी मुला-नातवंडांनी पुढे आणली. आधी आठ जणांची यादी होती, मग चौदा, मग अठरा, आता साधारण एकोणीस नावे धरली जातात. सॉलोमन लुईस, मिचेल बॉब, बेन कार्टरबी, जेम्स एडवर्ड्स, टोबायस फ्रेझर, जोसेफ ओक्लाहोम्बी ही त्यांतली काही. ओटिस लीडर यांचेही नाव यादीत आहे, पण ते 36व्या डिव्हिजनमध्ये नव्हते, पहिल्या डिव्हिजनच्या 16व्या इन्फंट्रीत होते. म्हणजे 'शुफिलीच्या रात्री टेलिफोनवर असलेले' एवढीच व्याख्या केली तर संख्या एक, 'त्या युद्धात चॉक्टॉ भाषेतून लष्करी निरोप देणारे' अशी केली तर दुसरी. मुलीने एक आकडा ठोकून देऊ नये. कुठली व्याख्या घेतली ते सांगून आकडा द्यावा. 'जगातले पहिले' हेही जपून लिहावे, कारण त्याच शरद ऋतूत 30व्या डिव्हिजनमधल्या चेरोकी सैनिकांकडूनही निरोप पाठवले गेले होते. ठरवून, रेजिमेंटच्या पातळीवर केलेला आणि इतका चांगला नोंदलेला वापर चॉक्टॉंचा, असे म्हटले तर कुणावर अन्याय होत नाही.

आता 'का' हा प्रश्न. याचे एक उत्तर मागितले तर मी देत नाही, कारण माणसागणिक ते वेगळे आहे. 1917 मध्ये सक्तीची भरती आली, काहींना त्यामुळेच जावे लागले. काही वर्गमित्रांसोबत गेले. ओटिस लीडर यांच्याबद्दल सांगतात, की गुरांच्या खरेदीसाठी फोर्ट वर्थला आले असताना सोबतच्या स्विस मालकांमुळे त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला आणि तो पुसण्यासाठी त्यांनी नाव नोंदवले. पुढे फ्रान्समध्ये रेमों देव्हारो या चित्रकाराने अमेरिकन सैनिकाचा नमुना म्हणून चित्र काढायला त्यांनाच निवडले. असा एकेक माणूस घेतला की मोठमोठी वाक्ये आपोआप गळून पडतात.

पण एकेका माणसाच्या मागे एक लांब परंपरा आहे, ती सांगायलाच हवी. चॉक्टॉ हे मुळचे आजच्या मिसिसिपी आणि अलाबामा भागातले. 1811 मध्ये शॉनी जमातीचा नेता टेकुमसे याने सगळ्या जमातींना अमेरिकेविरुद्ध एकत्र यायला सांगितले, तेव्हा चॉक्टॉ नेते पुशमताहा यांनी नकार दिला. 1813 मध्ये ते आपले योद्धे घेऊन अमेरिकी सैन्याच्या बाजूने क्रीक जमातीतल्या एका गटाविरुद्धच्या युद्धात उतरले. सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांच्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतही चॉक्टॉ होते. 1820 मध्ये याच जॅक्सननी त्यांच्याशी जमिनीचा करार केला. राहिलेले प्रश्न घेऊन पुशमताहा वॉशिंग्टनला गेले, तिथेच 24 डिसेंबर 1824 रोजी वारले आणि लष्करी इतमामात काँग्रेशनल सेमेटरीत त्यांचे दफन झाले. 1830 मध्ये, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॅक्सन यांनी मूळ जमातींच्या हकालपट्टीच्या कायद्यावर सही केली. 27 सप्टेंबर 1830 चा डान्सिंग रॅबिट क्रीकचा करार झाला आणि 1831 ते 1833 मध्ये बहुसंख्य चॉक्टॉंना मिसिसिपी नदीच्या पलीकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवले गेले. थंडी, पूर, पटकी यांनी वाटेत हजारो माणसे गेली. हे वाचताना अजूनही माझा संताप होतो आणि तो लपवायचे मला कारण दिसत नाही.

मुलीने लक्षात घ्यायची गोष्ट ही, की चॉक्टॉंच्या दृष्टीने त्यांचे अमेरिकेशी नाते प्रजेचे नव्हते, कराराचे होते. एका राष्ट्राने दुसऱ्याशी केलेला करार. समोरच्याने तो मोडला म्हणून आपले राष्ट्र संपत नाही, आणि आपल्या बाजूने दिलेला शब्द हा आपला मान असतो. मला भेटलेल्या बऱ्याच कुटुंबांत आजोबा 'अमेरिकेसाठी' गेले का 'चॉक्टॉंसाठी' गेले, हा प्रश्न विचारला की लोक जरा गोंधळून पाहतात. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या काढलेल्याच नसतात. जमीन, नातलग, चर्च आणि त्या सगळ्यांचे रक्षण, असे ते सांगतात.

ही परंपरा सगळी उजळ आहे असेही मुलीने लिहू नये. अमेरिकी यादवी युद्धात चॉक्टॉ नेशनने 1861 मध्ये दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांच्या संघाशी, म्हणजे कॉन्फेडरसीशी, करार केला आणि तिच्या बाजूने घोडदळ लढवले. चॉक्टॉंमधल्या श्रीमंत लोकांकडे कृष्णवर्णीय गुलाम होते. अमेरिकेशी झालेल्या 1866 च्या करारात त्याची किंमत मोजावी लागली, आणि त्या गुलामांच्या वंशजांना नागरिक मानायचे की नाही हा वाद अजून मिटलेला नाही. सातवीच्या मुलीला हे समजते.

नागरिकत्वाबद्दल एक खुलासा. 'त्यांना नागरिकत्व 1924 ला मिळाले, म्हणजे ते नागरिक नसताना लढले' हे वाक्य पुष्कळ मूळ अमेरिकन सैनिकांबाबत खरे आहे. ओक्लाहोमातल्या चॉक्टॉंबाबत नाही. 1901 च्या कायद्याने इंडियन टेरिटरीतल्या, म्हणजे ओक्लाहोमा राज्य होण्याआधी जमातींना दिलेल्या त्या प्रदेशातल्या, मूळ रहिवाशांना अमेरिकी नागरिक केले होते. त्यांच्यावरचा अन्याय वेगळा होता आणि माझ्या मते जास्त खोल होता. 1898 च्या कर्टिस कायद्याने सामायिक जमिनीचे तुकडे पाडून वाटप लादले, त्यांची न्यायालये बंद केली. 1907 मध्ये त्या भूमीचे ओक्लाहोमा राज्य झाले. फ्रान्समध्ये टेलिफोनवर बसलेले हे तरुण जन्मले तेव्हा त्यांच्या गावावर चॉक्टॉ नेशनचे सरकार होते. ते सैन्यात गेले तेव्हा ते सरकार नावापुरते उरले होते.

पुढच्या युद्धांतही ही रांग थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धात 45व्या डिव्हिजनच्या 180व्या इन्फंट्रीत चॉक्टॉ सैनिकांनी पुन्हा आपल्या भाषेतून निरोप दिले. मिसिसिपीत जन्मलेले व्हॅन बारफूट यांना इटलीत कारानो इथे 23 मे 1944 च्या लढाईसाठी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ओक्लाहोमाचे टोनी बरिस कोरियात 1951 मध्ये हार्टब्रेक रिजवर मारले गेले, त्यांना ते मरणोत्तर मिळाले. बारफूट यांचे नाव चॉक्टॉंच्या अधिकृत यादीत नव्हते, वंश मात्र चॉक्टॉ होता. त्यामुळे 'चॉक्टॉ माजी सैनिक किती' याचेही उत्तर नोंदणी धरायची की नाते, यावर बदलते.

मान मिळायला मात्र फार उशीर झाला. चॉक्टॉ नेशनने 1986 मध्ये कोड टॉकरांच्या कुटुंबांना शौर्यपदके दिली, फ्रान्सने 1989 मध्ये सन्मान केला, अमेरिकी काँग्रेसचा कायदा 2008 चा आणि सुवर्णपदके प्रत्यक्ष हातात पडली 20 नोव्हेंबर 2013 रोजी. पहिल्या महायुद्धातला एकही कोड टॉकर यांतले काही पाहायला उरला नव्हता.

आता तिकडे जाण्याबद्दल. डॅलसहून उत्तरेला दीड-दोन तासांवर ड्युरंट आहे, चॉक्टॉ नेशनचे मुख्यालय. शेजारच्या कॅलेराला 2021 मध्ये सुरू झालेले त्यांचे सांस्कृतिक केंद्र आहे. आधी तिथे जा. भरपूर वेळ ठेवा. तिथे पिसांचा मोठा मुकुट घातलेले योद्धे दिसणार नाहीत, तो पोशाख मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. चॉक्टॉंच्या कपड्यांवर हिऱ्याच्या आकाराची नक्षी असते, तिचे नाते ते डायमंडबॅक सापाशी सांगतात. त्यांचा खेळ स्टिकबॉल, दोन काठ्यांनी खेळायचा. पूर्वी दोन गटांतले तंटे युद्धाऐवजी त्या मैदानावर मिटवले जात. इंटरनेटवरून चित्रे उचलताना मुलीने हे तपासावे, कारण चुकीची चित्रे फार आहेत.

तिथून पुढे ईशान्येला डोंगराळ भागात तुश्का होमा. 1884 ची जुनी राजधानीची इमारत, आवारात युद्धस्मारक आणि कोड टॉकरांचे वेगळे स्मारक. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत तिथे मोठी जत्रा भरते आणि नोव्हेंबरमध्ये माजी सैनिकांचा कार्यक्रम होतो. ध्वज घेऊन येणारी तुकडी ही माजी सैनिकांचीच असते. तेव्हा उभे राहा, टोपी काढा आणि फोटो काढायचा की नाही हे शेजारच्याला विचारा. चॉक्टॉ भाषेतली जुनी स्तोत्रे तिथे ऐकायला मिळाली तर मुलीने ती आधी नुसती ऐकावीत, रेकॉर्डिंगचा विचार नंतर.

माजी सैनिकाशी बोलताना माझा क्रम ठरलेला असतो. पहिली भेट ओळखीची. मी कोण, कुठली, माझी माणसे कुठली, हे मीच आधी सांगते. ते समजल्याशिवाय त्यांनी आपले का सांगावे? प्रश्नांची सुरुवात गाव, आजी-आजोबा, शाळा, चर्च, घरात कोणती भाषा बोलत इथून. युद्धाकडे ते स्वतः वळले तर वळू द्यायचे. 'किती माणसे मारली' किंवा 'भीती वाटली का' हे मुलांना सुचणारे प्रश्न आधीच काढून टाका. व्हिएतनाम, इराक किंवा अफगाणिस्तानहून परतलेल्या माणसाला त्यांचा त्रास होतो, आणि तो त्रास तुम्ही निघून गेल्यावर घरच्यांना सोसावा लागतो. विचारायचेच असेल तर 'परत आल्यावर तुमच्या लोकांनी तुमचे स्वागत कसे केले' असे विचारा. मला सगळ्यात मोकळी उत्तरे याच प्रश्नावर मिळालेली आहेत.

घरच्या आठवणी आणि कागद जुळले नाहीत तर घाईने कुणाला खोटे ठरवू नका. सेंट लुईसच्या लष्करी नोंदींच्या अभिलेखागाराला 12 जुलै 1973 रोजी आग लागली. 1912 ते 1960 या काळात लष्करातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे 80 टक्के फायली तिच्यात गेल्या. त्यामुळे 'आजोबांची नोंदच नाही' याचा अर्थ आजोबा सैन्यात नव्हते असा होत नाही. भरतीच्या वेळची नोंदणी कार्डे वेगळी ठेवलेली होती, ती टिकली. पुष्कळ सैनिकांनी घरी आल्यावर आपला सेवामुक्तीचा कागद काउंटीच्या कचेरीत नोंदवून ठेवला, तिथे तो अजून मिळतो. कुणी असा कागद कौतुकाने दाखवला तर त्याचा फोटो प्रकल्पात चिकटवू नका. नंतरच्या काळातल्या कागदांवर सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे माणसाचा खासगी सरकारी ओळख क्रमांक असतो.

आणि भेट झाली, तर मुलीने लिहिलेला मजकूर शाळेत देण्याआधी त्या माणसाला किंवा त्यांच्या मुलांना वाचायला पाठवावा. नावांची स्पेलिंगे, गावांची नावे, नाती ते दुरुस्त करतील, आणि एखादे वाक्य काढा म्हणाले तर कारण न विचारता काढावे. यासाठी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा, म्हणजे प्रकल्पाची तारीख पाहून आत्ताच फोन करायला लागा.